प्रश्नचिन्हाला कोड नसतो

मुंबई नाक्याजवळ, तिसऱ्या मजल्यावर
एसी इतका गार की आम्ही मुली मे महिन्यातही स्वेटर घालतो.
रात्री दहा ते सकाळी सात.
ताशी चौदा चार्ट.

आज पहिलाच : वय एक्क्याऐंशी, स्त्री, ओहायो.
नाव आमच्यापर्यंत येत नाही,
नावाच्या जागी काळी पट्टी.
डॉक्टरांनी लिहिलंय : हसतमुख. स्वतःचं नाव सांगते, साल सांगत नाही.
आईला घ्यायला स्टेशनवर जायचंय म्हणते.
यातल्या आईला कोड नाही. स्टेशनलाही नाही.
मी देते एफ शून्य तीन पॉइंट नऊ शून्य,
स्मृतिभ्रंश, प्रकार नमूद नाही.
बारा ओळी खाली : दोनदा फाटकाबाहेर सापडली.
म्हणून सोबत झेड एक्क्याण्णव पॉइंट त्र्याऐंशी.
भटकणं.

ट्रेनिंगला लोखंडे सरांनी फळ्यावर लिहिलं होतं :
जे लिहिलं नाही ते झालं नाही.
'बहुधा' चालत नाही, 'शंका आहे' चालत नाही.
आधी कारण, मग लक्षण, क्रम मोडायचा नाही.
डॉक्टरला प्रश्न विचारता येतो,
उत्तर सुचवता येत नाही.
आणि सही नसलेलं पान परत पाठवायचं.

सातला सुटते. जेलरोडला उतरते तेव्हा
अण्णा गेटाशी उभे, इस्त्रीचा शर्ट,
खिशाला जुना पास, पायात एकच चप्पल.
प्रेसचा भोंगा झाला म्हणतात.
अकरा वर्षं झाली रिटायर होऊन.

चौतीस वर्षं पुंजाराम गांगुर्डेंनी नोटांचे ताव तपासले.
शाई फुटली, आकडा सरकला
की बोट तिथेच थांबायचं.
खराब नोट काढायची, तिच्या जागी
आकड्यांत तारा असलेली घालायची,
गड्डीत शंभर भरले पाहिजेत.
हे ते अजून सांगतात, एका दमात, न चुकता,
फक्त मला ठकू म्हणून.
ठकू त्यांची धाकटी बहीण, निफाडला दिलेली.
मी तिला फोटोतही पाहिलेलं नाही.

चमचा हा शब्द सापडला नाही की
बोट हवेत तिथेच थांबतं.
मी चमचा देते.
शंभर भरतात.

बिटको चौकातल्या डॉक्टरांनी चार मिनिटांत कागद दिला :
वयोमानाने विसरभोळेपणा, पुढे प्रश्नचिन्ह,
पुढे गोळी, रात्री एक.
मी विचारलं, डॉक्टर, हे नक्की काय समजायचं?
(उत्तर न सुचवता. सवयच लागलीय.)
म्हणाले, वय झालं हो, ताई.
साता समुद्रापलीकडच्या कुणाकुणाला
मी रात्रभर कोड वाटून आलेली,
आणि घरचा कागद हातात घेऊन
केमिस्टच्या रांगेत उभी.
प्रश्नचिन्हाला कोड नसतो.

तेव्हापासून लिहिते. पतसंस्थेच्या फुकट डायरीत.
मंगळवार, पहाटे सव्वाचार : कडी काढली.
बुधवार : उपनगर नाक्यापर्यंत गेले.
द्राक्षाच्या गाडीवाल्याने आणून सोडलं,
भाडं घेतलं नाही.
शुक्रवार : आईचं वर्षश्राद्ध कधी, म्हणून विचारलं.
आई आत भाकरी करत होती.
तिने भाकरी उलटली, तव्यावर बोट टेकलं,
काढायला जरा उशीरच केला.
हे मी लिहिलं नाही.
म्हणजे झालं नाही.

काल ती डायरी अण्णांच्या हाती लागली.
पान ट्यूबलाइटसमोर धरलं, डोळे बारीक केले,
अंगठ्याने कड चाचपली,
कागदाच्या पोटात काही दिसतं का पाहिलं.
बराच वेळ. इतका वेळ त्यांनी
हल्ली माझ्याकडेही पाहिलेलं नाही.
मग पान मिटलं.
"आकडे बरोबर आहेत, ठकू," म्हणाले,
"पण खाली सही नाही.
ही बाहेर जाऊ द्यायची नाही."